आहोलोतेसाठी पाणी

सोमवारी सकाळी परीक्षानळीतलं पाणी हिरवं झालं. निकानोर आरिएतानं ती नळी खिडकीशी धरली, मग पांढऱ्या कागदापुढे धरली, मग चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि पुन्हा पाहिलं. हिरवंच. एका बाटलीतले आठ थेंब, दुसऱ्या बाटलीतले आठ थेंब, पाच मिनिटं थांबायचं. पिवळं राहिलं तर पाणी स्वच्छ, हिरवं झालं तर पाण्यात अमोनिया. शनिवारी हीच नळी लिंबाच्या सालीसारखी पिवळी होती. अठ्ठावीस वर्षं त्यानं शाळेत तांत्रिक रेखाकला शिकवली होती, छटा ओळखण्यात त्याची चूक होत नसे. तरी त्यानं नळी धुतली आणि थेंब मोजून सगळं पहिल्यापासून केलं. मोजताना ओठ हलत होते हे त्याच्या लक्षात आलं. ती पाच मिनिटं तो मागच्या खोलीतल्या स्टुलावर बसून राहिला. समोर काचेची रिकामी टाकी, तिच्यात नदीची बारीक वाळू, उलटी ठेवलेली मातीची कुंडी, आणि पंपाची एकसुरी घरघर. पाणी अगदी नितळ होतं. त्या नितळपणाचीच त्याला प्रथम भीती वाटली. डोळ्यांना काही दिसत नाही, नाकाला काही कळत नाही, आणि तरी त्यात असं काहीतरी आहे, ज्यानं दोरोतेओचे कल्ले दोन दिवसांत झडून जातील.

दोरोतेओ म्हणजे यादिराचा आहोलोते, पाण्यात राहणारा सरड्यासारखा प्राणी. यादिरा त्याची एकुलती एक मुलगी. तिला केरेतारोत नोकरी लागली होती. तिथं मिळालेलं घर पश्चिमेचं, दिवसभर तापणारं, आणि आहोलोतेला तर गार पाणी लागतं. तिकडे शहराच्या टोकाला, त्याच्या मूळ घरी, सोचिमिल्कोच्या कालव्यांत हा प्राणी आता औषधालाही सापडत नाही, पण शहरात शंभर घरांच्या काचेत तो असतो. मानेभोवती पिसाऱ्यासारखे कल्ले फुलवून, रुंद तोंडानं कायम हसत असल्यासारखा. मागची खोली उत्तरेकडची, एप्रिलमध्येही तिच्यात अंग शहारायचं. त्याच्या बायकोचं, ग्रासिएलाचं शिवणयंत्र तिथं होतं. ती गेल्यावर त्यानं ते बहिणीला दिलं आणि मग त्या खोलीत ठेवायला त्याच्याकडे काहीच उरलं नाही. यादिरानं विचारलं तेव्हा तो लगेच हो म्हणाला. तिनं बजावलं होतं, पापा, नुसती टाकी भरून चालत नाही, पाणी पिकावं लागतं. त्याच्या विष्ठेतून अमोनिया होतो, तो खाणारे जिवाणू आधी टाकीत वसवावे लागतात. म्हणून पाच आठवडे तो रिकाम्या टाकीत रोज मोजून अमोनिया टाकत होता, न आलेल्या पाहुण्याचं ताट वाढून ठेवावं तसा. पहिले तीन आठवडे काही घडलं नाही. मग गडद हिरव्याचं पोपटी झालं, पोपटीचं पिवळसर. शुक्रवारी सकाळी टाकलेला अमोनिया शनिवारी सकाळी नाहीसा झाला, तेव्हा त्याला जो आनंद झाला तो कुणाला सांगण्यासारखा नव्हता. न दिसणारं काहीतरी आपल्या घरात राहायला आलं, असं त्याला वाटलं. यादिरा पुढच्या शनिवारी दोरोतेओला घेऊन येणार होती. रविवारी त्यानं शेवटचं म्हणून टाकीतलं निम्मं पाणी बदललं, फिल्टरमधला स्पंज नळाखाली पिळून लख्ख धुतला. आणि सोमवारी हे.

स्पंज. त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं कपाळाला हात लावला. जिवाणू त्या स्पंजातच राहतात. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीननं ते मरतात, म्हणून टाकीत घालायच्या पाण्याला आधी औषध लावायचं असतं. पाणी त्यानं औषध लावूनच ओतलं होतं. स्पंज मात्र सरळ नळाखाली धरला होता. पाच आठवड्यांची वस्ती एका मिनिटात धुऊन टाकली होती. या विचारानं त्याला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं तर हायसं वाटलं. चूक आपली आहे, टाकीतली आहे, या खोलीतली आहे. त्यानं बादली आणली आणि पुन्हा निम्मं पाणी काढून निम्मं नवं ओतलं. निम्मं बदललं की रंग निम्म्यावर यायला हवा, हे साधं गणित. तासाभरानं थेंब टाकले. रंग उतरला नव्हता, चढला होता. सकाळी पोपटी होता, आता शेवाळी. त्यानं आम्लता तपासली, ती बरोबर होती. कुंडी उचलून खाली काही मेलेलं, कुजलेलं आहे का पाहिलं. वाळूत हात घालून तळ चाचपला. थंड पाण्यात कोपरापर्यंत हात बुडवून उभा असताना त्याला एकाएकी दोन आठवड्यांपूर्वीची दुपार आठवली. जेवणाच्या टेबलावरचा चमचा बशीत किणकिणला होता, दिवा जेमतेम हलला होता, एखादा जड ट्रक गल्लीतून जावा इतकंच. गल्लीत ट्रक नव्हता. तेव्हा त्यानं आकडे मोजले होते, सातपर्यंत, आणि खुर्चीतून उठला नव्हता. उठलो नाही याचा त्याला नंतर दिवसभर अभिमान वाटत होता. हे आत्ताच का आठवावं, म्हणून त्यानं हात बाहेर काढला आणि टॉवेलला पुसत राहिला, कोरडा झाल्यावरही.

काही वर्षांपूर्वीच्या त्या सप्टेंबरात, मोठ्या भूकंपाच्या वेळी, तो उठला होता. शहरातल्या कितीतरी इमारती खाली बसल्या होत्या, लोक हातांनी विटा उपसत होते, आणि यांच्या इमारतीच्या जिन्यात तळापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत एक तडा गेला होता. निकानोरनं तो मोजला, पेन्सिलीनं त्याच्या टोकांना तारखा टाकल्या, आठवड्यात दोन वेळा त्या टोकांच्या पुढे नव्या तारखा टाकल्या. मग त्यानं दारोदार जाऊन सगळ्यांना सांगितलं की इथं राहू नका. त्याच्या आवाजात तेव्हा काहीतरी असलं पाहिजे, कारण लोकांनी ऐकलं. ग्रासिएला तेवढी म्हणाली होती, "आणि तू चुकलास तर?" तो म्हणाला, "चुकलो तर देवच पावला." तळमजल्यावरच्या दोन्या एलोदिया मात्र हटून बसल्या. चौऱ्याऐंशी वर्षांच्या, गुडघे गेलेले, या घरात पाच मुलांना जन्म दिलेला. त्यांच्या पलंगापाशी तो दीड तास बसला होता. शेवटी त्यांनी त्याच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, मास्तर, तुम्ही शिकलेले आहात, तुम्ही म्हणता तर जाते. सात आठवड्यांनी सरकारी अभियंता आला, त्यानं तड्यात सुरी घालून पाहिली आणि म्हणाला की हा गिलावा आहे, भिंत शाबूत आहे. लोक परतले. दोन्या एलोदिया परतल्या नाहीत. पुएब्लाला बहिणीच्या घरी, पाहुण्याच्या पलंगावर, महिनाभरात त्या गेल्या. त्यांचा मुलगा रुतिलिओ सेपेदा, जो इमारतीचा कारभार पाहायचा, त्यानं निकानोरला कधी एक शब्द उणा बोलून दाखवला नाही. तो फक्त जिन्यात भेटला की म्हणायचा, "काय इंजिनियर, आज कुठं तडा?" सगळे हसायचे. निकानोरही हसायचा. चुकलो तर देव पावला, हे खरं नव्हतं. चुकलेल्या माणसाला कुणी देव पावल्याचा प्रसाद वाटत नाही.

मंगळवारी सकाळी तो शोभेच्या माशांच्या बाजारात चेलोकडे गेला. टाकी, पंप, थेंबांच्या बाटल्या, सगळं तिच्याकडचंच. चेलो अवाढव्य बाई होती, दोन टाक्यांच्या मधे स्टुलावर बसलेली, हातात मक्याच्या पिठाच्या गरम आतोलेचा पेला. त्यानं सगळं सांगितलं, स्पंजाचं पाप कबूल केलं. ती म्हणाली, मास्तर, स्पंज धुणारा तू पहिला नाहीस, माझ्या नवऱ्यानं तर साबण लावला होता. मग तिनं पेला खाली ठेवला.

"पाणी बदललं की रंग उतरतो का चढतो?"

"चढतो."

"मग तुझे जिवाणू मेलेत, ते खरं. पण मेलेले जिवाणू काही नव्या पाण्यानं रंग चढवत नाहीत. नळाचं पाणी तपासलंस?"

त्यानं तपासलं नव्हतं. ते त्याला सुचलंच नव्हतं, असं तो म्हणाला, आणि म्हणतानाच त्याला जाणवलं की सुचलं होतं. काल दुपारी, हात पाण्यात असताना, ते त्याच्या जवळून गेलं होतं आणि त्यानं त्याच्याकडे मान वळवली नव्हती. चेलो म्हणाली, तपास, पण लगेच घाबरूनही जाऊ नकोस. पाण्याला लावायच्या औषधामुळे कधी कधी रंग खोटा येतो. औषध न लावता, सरळ नळाचं घेऊन बघ. तसंही हिरवं आलं तर मग औषधाचा दोष नाही. तर मग कशाचा, हे त्यानं विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. मेट्रोत त्याच्या शेजारी एक मुलगी प्लास्टिकच्या पिशवीत तीन सोनमासे घेऊन बसली होती. पिशवीतलं पाणी डब्याबरोबर डुचमळत होतं आणि तो सबंध वेळ त्या पाण्याकडे बघत राहिला.

नळाचं पाणी हिरवं झालं. टाकीतल्यापेक्षाही गडद, पानासारखं स्पष्ट हिरवं. जारमधलं विकतचं पाणी त्यानं दुसऱ्या नळीत घेतलं. ते पिवळं राहिलं. दोन्ही नळ्या शेजारीशेजारी खिडकीत उभ्या होत्या आणि मागं अंगणातली कपडे वाळत घालायची दोरी दिसत होती, तिच्यावर बाळाचे पाच-सहा अंगरखे. अंगणाच्या मधोमध लोखंडी झाकण होतं. त्याखाली इमारतीची जमिनीतली टाकी; तिच्यातून पाणी गच्चीवर चढायचं आणि गच्चीवरून सगळ्यांच्या नळांना यायचं. टाकीपासून दीड मीटरवरून सांडपाण्याचा जुना मातीचा नळ गल्लीकडे गेला होता. हे त्याला ठाऊक होतं, कारण त्या सप्टेंबरात त्यानं इमारतीचा सगळा नकाशा स्वतःच्या हातानं काढला होता. त्याला तो नकाशा आत्ता डोळ्यांपुढे दिसला, दोन समांतर रेषा, आणि त्यांच्यामधे कुठंतरी, सात आकडे मोजण्याइतक्या वेळात, एक बारीकशी तिसरी रेषा. त्यानं दोन्ही नळ्या मोरीत ओतल्या आणि यादिराला फोन लावला. म्हणाला, पोरी, शनिवारी आणू नकोस त्याला. पाणी खराब आहे. तिनं विचारलं, टाकीतलं का? तो म्हणाला, नळाचंच. थोडे दिवस जाऊ देत. ती म्हणाली, बरं झालं पापा सांगितलंत, नाहीतर मेलाच असता बिचारा. फोन ठेवल्यावर त्याला बरं वाटलं. काहीतरी केल्यासारखं वाटलं.

बुधवारी सकाळी दात घासताना त्याच्या लक्षात आलं की तो जारच्या पाण्यानं चुळा भरतोय. हे त्यानं ठरवलं नव्हतं. हातानंच पेला नळाखाली न धरता जारखाली धरला होता. तो आरशात पाहत राहिला, तोंडात पाणी तसंच. मग थुंकला. म्हणजे हाताला पटलंय, असं काहीतरी त्याच्या मनात आलं, आणि पाठोपाठ दुसरं मन बोलू लागलं, शाळेतल्या निरीक्षकासारखं, शांतपणे. उन्हाळ्याचे दिवस आहेत, टँकरचं पाणी येतं, ते नेहमीच कुबट असतं. चेलो म्हणालीच रंग खोटा येतो म्हणून. औषधामुळे, ते खरं, पण आणखीही कशामुळे येत असेल. उद्या टँकर येईल, टाकीत नवं पाणी पडेल, मग पुन्हा तपासू. तोवर कुणी हे पाणी पितंय थोडंच? या शहरात नळाचं पाणी कोण पितं? आणि जर गेलास रुतिलिओकडे, हातात खेळण्यातली नळी घेऊन, तर तो काय म्हणेल ते तुला शब्दन् शब्द माहीत आहे. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. त्याचं उलटंच झालं होतं. त्याला फुंकायचीच लाज वाटत होती.

दुपारी तो भाजी आणायला उतरला तेव्हा दुसऱ्या मजल्यावर नोएमीचं दार उघडं होतं. नोएमी सव्वीस-सत्तावीसची, घरी बसून कुठल्याशा विमा कंपनीचे फोन घ्यायची. नवरा फाबियान लांब पल्ल्याची बस चालवायचा, आठवड्यातून दोन दिवस घरी. कानात फोनचं यंत्र अडकवलेलं, कडेवर आठ महिन्यांची इनेस, आणि मोकळ्या हातात दुधाच्या बाटल्यांची परडी. इनेसनं त्याचा चष्मा ओढायला हात पुढे केला. तो थांबला.

"पाणी उकळून घेता ना?" त्यानं विचारलं.

"दुधाला जारचंच घेते, मास्तर. का हो?"

"आणि बाटल्या?"

"बाटल्या नळाखाली. साबणानं घासते चांगल्या." तिनं हसून परडी हलवली. "जारच्या पाण्यानं बाटल्या धुवायला मी काय खासदाराची बायको आहे?"

तो हसला. सांगण्याचं वाक्य त्याच्या जिभेवर तयार होतं. ते लांबलचक नव्हतं, चार शब्दांचं होतं. तेवढ्यात तिच्या कानात कुणीतरी बोलू लागलं, ती मान फिरवून गोड आवाजात म्हणाली, हो सेन्योर, मी ऐकतेय, बोला, आणि त्याच्याकडे बघून डोळ्यांनीच माफी मागितली. ती बोलत होती तेवढा वेळ तो थांबू शकला असता. पुढे कितीतरी दिवस तो त्या जिन्यात मनानं उभा राहिला आणि दर वेळी थांबला. पण त्या दुपारी त्यानं इनेसच्या मुठीतून चष्मा सोडवला आणि तो पायऱ्या उतरत गेला. खाली पोचेपर्यंत त्याला टोमॅटो, कोथिंबीर, कांदे आणि आणखी एक काय ते आठवत नव्हतं.

गुरुवारी बाळ रडत होतं. मोरीतल्या नळाच्या पोकळीतून खालच्या घरातला आवाज वर येतो. ग्रासिएला म्हणायची, आपल्याला रेडिओची गरज नाही. आधी ते रडणं मोठ्यांदा होतं, रागाचं, मग दुपारी बारीक झालं, आणि संध्याकाळी मधूनमधून नुसतं कण्हणं. त्यानं स्वतःला समजावलं की दात येत असतील. त्यानं पुन्हा नळाचं पाणी तपासलं. टँकर सकाळीच येऊन गेला होता आणि रंग तरी हिरवाच. आता निरीक्षकाला बोलायला काही उरलं नव्हतं, तरी तो बोलत होता. एवढ्या दिवसांनी सांगितलंस तर विचारतील, कधी कळलं? हा नवा विचार होता आणि आधीच्या सगळ्या विचारांहून भयंकर होता, कारण आता गप्प राहण्याला गप्प राहण्याचंच कारण मिळालं होतं. एक दिवस दुसऱ्या दिवसाला धरून ठेवत होता. मागच्या खोलीत पंप घरघरत होता. रिकाम्या टाकीत पाणी फिरत होतं, काचेवरून वर, फिल्टरमधून खाली, पुन्हा वर, आणि त्यात काहीही जिवंत नव्हतं. शुक्रवारी दुपारी दारावर थाप पडली. नोएमी होती, पायात दोन वेगळ्या चपला. इनेस दुपट्यात गुंडाळलेली, डोळे अर्धवट उघडे आणि आत गेलेले. टॅक्सी खाली उभी आहे, फाबियान चिवावाच्या वाटेवर आहे, माझी पिशवी तेवढी धराल का, एवढंच ती म्हणाली. तो पिशवी घेऊन तिच्यामागून उतरला. टॅक्सीचं दार लावताना ती त्याला म्हणाली, "देव तुमचं भलं करो, मास्तर." टॅक्सी गेली. तो फुटपाथवर उभा होता. पिशवीचा बंद बोटांत रुतून पडलेला पांढरा वळ हळूहळू लाल होताना तो पाहत होता.

त्या दुपारीही तो रुतिलिओकडे गेला नाही. शनिवारी सकाळी गेला. रुतिलिओ न्याहारीला बसला होता, हिरव्या चटणीतले मक्याचे तुकडे, वर अंडं. निकानोरनं टेबलावर नळी ठेवली आणि सांगितलं की नळाच्या पाण्यात सांडपाणी मिसळतंय. रुतिलिओनं नळीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि निकानोर ज्याची चार दिवस वाट बघत होता ते वाक्य आलं. "काय इंजिनियर, आता पाण्याला तडा?" ते ऐकताना निकानोरला आश्चर्य वाटलं की हे इतकं लहान आहे. त्यानं फार तर कानाला गुदगुल्या झाल्या. तो म्हणाला, झाकण उघडू या. नसेल काही तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. रुतिलिओ खात राहिला. मग त्यानं काटा ठेवला, कारण त्याची बायको आतून म्हणाली की मलाही दोन दिवस पोटात मुरडा आहे, आणि वरच्या सेन्योरालाही. दोघांनी मिळून पहारीनं लोखंडी झाकण उचकटलं. वास आला. फार नव्हता, पण ओळखीचा होता. रुतिलिओनं बॅटरीचा झोत आत टाकला. पाण्याच्या पातळीच्या वर, गल्लीच्या बाजूच्या भिंतीवर, एक काळपट ओल होती, हातभर लांबीची, आणि तिच्यातून काहीतरी संथपणे, न थांबता झिरपत होतं. त्याखालचं पाणी नितळच होतं. रुतिलिओ गुडघ्यांवर बसला होता तो बराच वेळ उठला नाही.

त्यानंतर सगळं भराभर झालं. मुख्य नळ बंद केले, टाकी उपसली, मातीचा नळ खणून काढला. त्याला दोन बोटं रुंद चीर गेली होती; प्लंबर म्हणाला, अलीकडच्या त्या छोट्या धक्क्यातली असणार, कडा ताज्या आहेत. इमारतीत सहा जण आजारी होते, त्यांना औषधं मिळाली. इनेस अकरा दिवस इस्पितळात होती. पहिले तीन दिवस डॉक्टरांनी काहीच सांगितलं नाही, आणि त्या तीन दिवसांत निकानोर मागच्या खोलीच्या बाहेर जवळजवळ पडलाच नाही. जंतू कुठला हे कळायला पाण्याची बातमी उपयोगी पडली, असं नोएमीनं फोनवर रुतिलिओला सांगितलं, आणि रुतिलिओनं ते सगळ्यांना सांगितलं. एका रविवारी अंगणात टेबलं मांडून सगळे जेवायला बसले, तिखट मोले, भात, तमालेस. रुतिलिओ ग्लास हातात घेऊन उभा राहिला. तो म्हणाला की मला भाषण येत नाही. मग म्हणाला, माझ्या आईला मास्तरांनी बाहेर काढलं म्हणून मी इतकी वर्षं मनात धरून होतो, पण आज मला वाटतं की ज्या माणसाला आपली काळजी वाटते तो कधी तरी चुकणारच, आणि आपण त्याला हसलो. टाळ्या झाल्या. निकानोरच्या पाठीवर कुणाकुणाचे हात पडत होते. तो ताटातला भात मोलेत कालवत राहिला, आणि त्याला वाटलं की हे सगळे हात एकाच वेळी उचलले गेले तर बरं होईल. इंजिनियर हा शब्द त्यानंतर कुणी उच्चारला नाही. आता सगळे मनापासून मास्तर म्हणत, आणि दर वेळी तो दचकायचा.

टाकीत त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, जारच्या पाण्यावर. सात आठवडे लागले. यादिरा जूनच्या शेवटच्या शनिवारी आली, बर्फाच्या डब्यात दोरोतेओ. जिन्यातच तिचा आवाज त्याला ऐकू आला, ती कुणाशी तरी बोलत होती, हसत होती. वर आली ती थेट मागच्या खोलीत गेली, पिशवी पाण्यावर तरंगत ठेवली, अर्ध्या तासानं हळूच उलटी केली. दोरोतेओ तळाशी उतरला. पाय फाकून तसाच उभा राहिला, फिकट गुलाबी, कल्ले मागे-पुढे हलवत. मग दोन पावलं चालून कुंडीच्या तोंडाशी गेला. यादिरा म्हणाली, आवडलं त्याला. मी कॉफी टाकते, आणि खालची ती नोएमी येतेय हं त्याला बघायला, किती गोड आहे हो तिची मुलगी. मी तिला सांगितलं, माझे पापा असे आहेत, पाण्यात जरा काही खुट्ट झालं की त्यांना कळतं. मंगळवारीच मला फोन करून म्हणाले, आणू नकोस त्याला.

ती स्वयंपाकघरात गेली आणि नोएमी आत आली. इनेसला तिनं आणलं नव्हतं. ती टाकीपुढे स्टुलावर बसली आणि दोरोतेओकडे पाहू लागली. इतक्या आठवड्यांत ती बारीक झाली होती, मानेच्या शिरा दिसत होत्या. निकानोर दाराशी उभा होता. त्याला वाटलं, ती आता प्राण्याबद्दल काहीतरी विचारेल. तो काय खातो, किती जगतो. लोक तेच विचारतात.

"तुम्ही मला विचारलं होतंत," ती म्हणाली. "जिन्यात. पाणी उकळता का म्हणून. मला तेव्हापासून वाटायचं, किती माया आहे या माणसाला."

निकानोरनं पंपाची वायर सरळ केली.

"तो बुधवार होता. माझ्या कानात तो लेऑन शहरातला विमेदार ओरडत होता, त्याच्या नोंदीवर तारीख आहे." ती अजून टाकीकडेच बघत होती. "मंगळवारी कळलं होतं?"

"मंगळवारी," निकानोर म्हणाला. "दुपारी."

"इनेसला ताप गुरुवारी पहाटे आला."

आतून भांड्याचा आवाज आला, यादिरा गुणगुणत होती. निकानोरनं दोन्या एलोदियांबद्दल सांगायला सुरुवात केली. सप्टेंबर, तडा, पेन्सिलीच्या तारखा, पुएब्ला, आणि जिन्यातली ती हाक. वाक्यं त्याच्या तोंडून इतकी नीट, इतकी जुळलेली येत होती की दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यालाच त्याला कळलं, ही कुणीतरी महिनोन् महिने घासूनपुसून ठेवलेली आहेत. तो मधेच थांबला. नोएमीनं त्याला थांबवलं नव्हतं. ती फक्त वाट पाहत होती, फोनवर अनोळखी माणसांचं ऐकून घ्यायची सवय असलेल्या माणसासारखी.

"याच्यासाठी फोन केलात," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "त्याच दुपारी."

"हो."

"तेव्हा नाही आडवं आलं पुएब्ला?"

"नाही."

तिनं मान हलवली, जणू काही एवढीच एक गोष्ट पक्की करायची राहिली होती. ती उठली, झग्याच्या मागच्या चुण्या हातानं सारख्या केल्या. दाराशी तो बाजूला झाला. ती त्याच्याजवळ थांबली आणि पहिल्यांदाच तिनं त्याच्याकडे पाहिलं.

"मी हे कुणाला सांगणार नाही. रुतिलिओंना आता कुठं बरं वाटतंय. आणि मला इथंच राहायचंय, दुसरं घर आम्हाला मिळणार नाही. तेव्हा आपण रोज जिन्यात भेटणार. फक्त बाळ कसंय म्हणून मला कधी विचारू नका."

तिची पावलं उतरत गेली. पहिल्या वळणावर ती थांबली, निदान त्याला तसं वाटलं, मग पुन्हा उतरू लागली, आणि खाली दार लागल्याचा आवाज आला. निकानोर खोलीतच होता. दोरोतेओ कुंडीतून बाहेर आला होता आणि काचेपाशी तोंड आणून, त्या न मिटणाऱ्या हसण्यानं, पापण्या नसलेल्या बारीक डोळ्यांनी बाहेर बघत होता. यादिरा तीन पेले घेऊन आली, स्टूल रिकामं पाहून थबकली.

"गेली? मी तिच्यासाठी दालचिनी घातली होती. काय म्हणाली?"

निकानोरनं तिच्या हातातला एक पेला घेतला. तो इतका गरम होता की बोटं भाजत होती. त्यानं तो खाली ठेवला नाही.

"काही नाही," तो म्हणाला. "बाळ बरं आहे म्हणाली."